हवेतले चार तास

दमदम विमानतळ, कलकत्ता
१० जून १९५४

चि. वच्छलाले डोमाभाऊचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहो. मायले वाचून दाखव, इथून नागपूर सहाशे मैल, पण विमानानं फक्त चार तास! विमानात सामान चढवता चढवता माही आठ वर्षं गेली. आता साहेब मनते, घरी अडचण आली तर तुले बसून जायले जागा देतो. तार भेटली की मी आलोच समजा. तुह्या नवऱ्याले, लटारूजीले मनाव, मासे सोडा अन् विमान धरायले शिका.

तुमच्यावर जीव टाकणारा,
डोमा

---

आरमोरीजवळून, जि. चांदा
२ ऑगस्ट

ती. डोमाभाऊले वच्छलाचा पाया पडून नमस्कार.

माय साऱ्या ढिवरपुऱ्यात सांगत फिरे, माहा डोमा चार तासाच्या वाटेवर हाये. आभाळात विमान वाजलं की पाय धुवायचा लोटा भरून दारात ठेवे. मी मनलं, माय, ते आपल्या अंगणात नाई उतरत वं! तर मलेच रागावली.

पण भाऊ, आठ दिवसांपासून तिले ताप हाये. तार करतो म्हटलं तर हात धरते. मनते, पोराची नोकरी काऊन बुडवता? लयच झालं तर बलवा, चार तासात येते. मलेही पटलं. वैनगंगा फुगून राह्यली, पण उतरन. घोर करू नको.

माया पातळ होऊ देऊ नको,
तुही वच्छला

---

दमदम, कलकत्ता
१९ ऑगस्ट

चि. वच्छला, कोणत्या तोंडानं आशीर्वाद लिहू?

तार सकाळी भेटली अन् दुपारी मी नागपुरात होतो. मंग रेलगाडी, मंग बैलबंडी. दुसऱ्या दिवशी पल्याडच्या घाटावर आलो तर नदी दोन्ही थड्या भरून. घाटावरच्या नावाड्यानं, नथ्थूभाऊनं, डोंगा वर ओढून ठेवला होता. मी त्याच्या पाया पडलो. तो मनला, ढिवराचा पोर आहेस, पाणी पाहून बोल. घर समोर दिसे अन् मी बसून. तिसऱ्या दिवशी आपल्या मसणवटीत धूर दिसला. मायच गेली, समजलो. तुह्यासमोर उभं राहायची हिंमत नाई झाली, तिथूनच मागं फिरलो. माफ कर.

अभागी,
डोमा

---

आरमोरीजवळून
२८ ऑगस्ट

ती. डोमाभाऊले नमस्कार. रागात आहो, तरी करतो.

काठावर येऊन परत गेलास? अग्नी लटारूजीनं दिला. तेरवीले लोक विचारत होते, डोमा कुठी हाये? मी काय सांगू?

खरा राग मले माहाच हाये. तू रेलगाडीनं येणारा असता तर पह्यल्याच दिवशी तार केली असती. चार तास, चार तास म्हणत बसून राह्यली. ढिवराच्या घरचे आपण, अन् हिशेबात नदी कोणीच धरली नाई!

शेवटल्या दिवशी मायनं विचारलं, डोमा निघाला का? मी मनलं, विमान नागपुरात उतरलं. मंग तिनं मले लोटा भरायले लावला, अन् दाराकडे पाहत पाहत गेली.

लोटा दारातच हाये. रोज पाणी बदलतो. आता पाणी उतरलं, नथ्थूभाऊचा डोंगा चालू हाये. रेलगाडीनं ये, कितीही दिवस लागू दे, पण ये. अन् पाय धुवूनच घरात ये.

वाट पाहणारी,
तुही वच्छला