खजुराच्या वाफ्यातली पुरचुंडी

उस्ताद, काल अंगणात बोटभर हिरवं पातं उगवलेलं दिसलं. सून म्हणाली, गवत आहे, उपटते. मी तिचा हात धरला. खजूर, शिंदी, पंखापाम, कुठलंही बी रुजू द्या, पहिलं पान गवतासारखं एकच येतं, हे तिला कोण सांगणार? मला तुम्ही सांगितलं होतं.

रोपवाटिकेत मी नवीन होते आणि तुम्ही तिथले मोठे माळी. गोळा केलेल्या प्रत्येक बियाण्यातले चार दाणे फडक्यात बांधून तुम्ही वाफ्याच्या कोपऱ्यात पुरत होता, पाटी पुसली तरी ओळख राहावी म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं. खुरपताना काळ्या दोऱ्याची पुरचुंडी हाताला लागली. मला ती करणी वाटली. खजूर, शिंदी, पंखापामच्या तिन्ही वाफ्यांतल्या पुरचुंड्या मी नाल्यात भिरकावल्या.

पुढे अवकाळीनं पाट्या धुऊन निघाल्या, आणि नेमके साहेब पाचोडच्या एका शेतकऱ्याला खजुराची रोपं द्यायला घेऊन आले. "उस्ताद, चुकलात तर हे काम दुसऱ्याकडे जाईल," म्हणाले. तुम्ही कोपरे उकरता, काहीच सापडत नाही. "उंदरं लई माजलीत," म्हणता, आणि मी मान खाली घालून उभी.

मग तुम्ही उकिडवे बसलात. पानावरून बोट फिरवून, जाड शिरांवरून पंखापाम बाजूला काढलात. उरलेल्या दोन वाफ्यांतली माती काडीनं हलकेच सारलीत. रोपापासून बीपर्यंत बाळाच्या नाळेसारखा पांढरा धागा होता. "ही लांब, बारीक बी खजुराची. ही आखूड, जाडी शिंदीची. देखो साहेब." कडेच्या दहा रोपांचं बी मात्र सडून गेलं होतं. "ही मला नाय सांगता येत."

"अंदाजानं सांगा की," साहेब म्हणाले.

"अंदाजानं दिलं तर ह्यो माणूस सात वर्षं शिंदीला पाणी घालीन."

साहेबांनी ती दहा रोपं बाजूला ठेवायला लावली. पुढे मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण 'मला येत नाही' हे इतक्या रुबाबात म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही. किती अभिमान वाटला मला तुमचा!

दुसऱ्या दिवशी तुम्ही उंदरांसाठी पिंजरे लावलेत आणि नव्या पुरचुंड्या बांधायला मला शेजारी बसवलंत. "बेटी, तुझी गाठ पक्की बसती," म्हणालात. तेव्हाच सांगायला हवं होतं. पुरचुंड्या मी फेकल्या, एवढं कबूलही केलं असतं. पण का फेकल्या, असं तुम्ही विचारलं असतंत. तुमच्या लोकांबद्दल आमच्या गल्लीत काय काय बोलत आणि मी ते खरं मानत होते, हे तुमच्या तोंडावर कसं सांगणार होते?

आता तुम्ही नाही. तुमची लेक मला मावशी म्हणते. तिला वाचायला द्यावं म्हणून हे लिहिलं, आणि आता घडी घालून ठेवतेय. तीही तेच विचारील.