टोपीतून निघालेली नागण्णांची गाडी

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती. लग्नाआधी मला नीट लिहिता येत नव्हतं, आणि लग्नानंतर आपण एकमेकांपासून लांब राहिलोच नाही. आज लिहितेय, कारण दुपारी कमळक्का येऊन गेल्या आणि तेव्हापासून मशीनवरचं शिवण जिथल्या तिथं पडलं आहे.

तुमच्या नागण्णांच्या बायकोला तुम्ही ओळखताच. कमी बोलणारी बाई. दारातच उभं राहून म्हणाल्या, "अक्का, स्वल्प बोलायचं होतं."

"आत तरी या."

"आत नको. सोमवारी हे कारखान्यात राजीनामा देणार म्हणतात."

"राजीनामा? का हो?"

"का म्हणजे? माझ्या हातानं बसवलेल्या ब्रेकनं माणूस गेला, म्हणतात. आता तपासणीचं काम दिलंय, तर दुसऱ्यांनी केलेले भाग बघून शिक्का कुठल्या तोंडानं मारू, म्हणतात. तीन वर्षं झाली अक्का, दर रविवारी त्या फटफटीचं मोडकं चाक उघडून बसतात. त्या दिवशी जेवत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही एकदा सांगा, की तुमच्या मनात काही नाही."

मी काय केलं असेल? कॉफी केली! पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सरी अक्का, ठीक आहे, बोलते." माझ्या मनात काय आहे, हे त्या माऊलीला कसं सांगणार होते?

तुमचा तो रविवारचा खेळ आठवतो ना? तुम्ही, नागण्णा आणि फ्रान्सिस. युद्ध संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेली तुमची जुनी फटफटी, फ्रान्सिसचीही तसलीच, आणि नागण्णांची परदेशी बनावटीची नवी. यशवंतपूरचं फाटक ओलांडायचं, डांबर संपलं की लाल मातीच्या वाटेनं, दगडधोंड्यांतून टेकडीपर्यंत जायचं. तिथं थर्मासमधली कॉफी प्यायची, आणि फ्रान्सिसच्या टोपीत तिघांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याची गाडी घेऊन परतायचं. स्वतःची निघाली तर पुन्हा उचलायची. नाही म्हणायचं नाही, हा नियम.

मी एकदा म्हटलं होतं, "पोरांसारखं काय हे?" तर तुम्ही म्हणालात, "आठवडाभर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. रविवारी तरी हाताखाली काय येणार ते ठाऊक नको!" मला ते पटलं होतं. चिखलानं माखून, हसत घरी यायचात. तसं हसणं इतर सहा दिवस कुठं असायचं?

पण त्या जूनमधला शनिवारही मला आठवतो. आधीच्या फेरीत गुडघा फोडून घेतला होता, त्यावर मी हळद लावत होते. तुम्ही हळूच म्हणालात, "पाय चुकला गं. आमच्या गाडीला ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या. नागण्णाच्या गाडीला सगळं उलटं. सपाटीला लक्षात राहतं. उतार आला की पाय आपलंच खरं करतो."

"मग सांगा ना त्यांना. ती गाडी मला नको म्हणा."

"वेडी आहेस का? नागण्णा वर्षभर सोडणार नाही. 'दत्तूअण्णा, आज कुठला पाय?' कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारेल. तूही कुणाला बोलायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी चिडले होते. शपथ मागं घ्यायला सांगितली, तर तुम्ही लंगडत बाहेर पळालात!

दुसऱ्या दिवशी टोपीतून पुन्हा नागण्णांचीच चिठ्ठी निघाली. ते दोघं पुढं उतरून गेले होते. मागं वळून पाहतात तर तुम्ही वळणावर नव्हतात.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा बूट मी काढले. उजवा जसाच्या तसा होता. डाव्याच्या तळव्यावर, चवड्याखाली, लोखंडाची खोल खाच. आतला अंगठा काळानिळा. मला गाडीतलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं. शेवटपर्यंत डाव्या पायानं ब्रेक दाबत होतात, आणि तिथं ब्रेक नव्हताच.

बाहेर नागण्णा भिंतीवर डोकं आपटत होते. "आठ दिवसांपूर्वी मीच ब्रेकचं लायनिंग बदललं. मीच मारलं अण्णाला." फ्रान्सिस त्यांना धरून होता. मी तेव्हा बाहेर येऊन सांगायला हवं होतं. चार शब्द पुरले असते!

शपथ आड आली, असं मी स्वतःला सांगत आले. तुमच्या गळ्याची शपथ मोडली तर तुमचं वाईट होईल, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण तुमचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं हो? तो गळाच उरला नव्हता, तरी मी शपथ धरून बसले.

आता जे लिहिते ते तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडत नाही. नागण्णांचा अपराध मला सोयीचा झाला.

लोक म्हणत होते, "काय हात होता त्या माणसाचा! गाडीनं दगा दिला." ते ऐकताना बरं वाटायचं. तुमच्या चुकीनं तुम्ही गेलात, असं म्हटलं तर मला तुमच्यावर रागवावं लागलं असतं. त्या दिवसांत ते कसं जमणार?

आणि पुढं तर सगळंच नागण्णांच्या हातून येत गेलं. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा मल्लेश्वरमच्या वठारातली ही खोली त्यांनी शोधली. एका अंगणाभोवती आठ बिऱ्हाडं, माझ्या खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत. कारखान्याचे गणवेश शिवायचं काम त्यांनीच साहेबांना सांगून मिळवून दिलं. नळाचा वायसर बदलतात, स्टोव्हची पिन घालून देतात. ही फळी ठोकली त्यांनी, दाराची कडी त्यांनी. खोलीत कुठंही पाहिलं तरी त्यांचं प्रायश्चित्त दिसतं. त्याच्या मध्ये मी बसलेली. उठून जायला दार आहे, पण जाणार कुठं? खरं सांगितलं तर हे सगळं कुठल्या तोंडानं घेतलं, असं ते विचारणार नाहीत का?

दर वेळी जाताना खाली बघत म्हणतात, "येतो अक्का. काही लागलं तर कळवा." आणि दर वेळी मी म्हणते, "काही नको, अण्णा."

पुड्यांच्या कागदांवरची जोडाक्षरं लावत मी वाचायला शिकले, तुम्ही हसायचात. आता वाचनालयातली जाड पुस्तकंही वाचते. त्यांत माणसं लपवलेलं शेवटी धडाधडा सांगून मोकळी होतात. मला वाटायचं, माझ्याही तोंडून एक दिवस असंच बाहेर पडेल. नाही पडत हो! आपण होऊन उचलून बाहेर ठेवावं लागतं.

राग तुमच्यावरही आहे. आज पहिल्यांदा लिहिते. मित्रांनी चार दिवस चेष्टा केली असती. त्याला एवढं भ्यालात? माझ्यापुढं गुडघा उघडा करून बसलात, त्यांच्यापुढं एक वाक्य बोलवलं नाही? आणि ते न बोललेलं वाक्य मला देऊन गेलात. ते मी तीन वर्षं सांभाळलं, आणि त्याखाली एक चांगला माणूस दबला.

कमळक्का म्हणाल्या तसं "माझ्या मनात काही नाही" असं सांगणं सोपं आहे. त्यानं नागण्णांना माफी मिळेल. पण न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन माणूस कसा जगणार? सोमवारी तो कागद साहेबांच्या टेबलावर गेला, की हातातलं कसब असून ते घरी बसतील.

उद्या रविवार. ते इथं यायची वाट मी पाहणार नाही. सकाळीच त्यांच्या घरी जाणार आहे, कमळक्कांच्या समोर बोलणार आहे. बूटही नेईन, तळवा दाखवायला. त्यानंतर ते या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत, असं होऊ शकतं. काम जाईल, खोलीही जाईल कदाचित. भीती वाटते. पाठ करून ठेवलेलं ऐनवेळी विसरेन, नाहीतर पुन्हा कॉफीचंच बोलत बसेन, अशीही भीती वाटते.

म्हणून तुम्हाला शब्द देते. तुमची चूक सांगताना तुमच्या मागं लपणार नाही. तुमचा पाय चुकला, हे मी नंतर सांगेन. सगळं ठाऊक असून तीन वर्षं मी गप्प बसले, हे आधी.

तुमची,
मालती