वळणावरचं स्वयंपाकघर

प्रिय शीतल,

फोन नाय केला, कारण फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्याला भांडणावर येतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाय, म्हणून हा खटाटोप. माझं अक्षर बघून पाकीट फ्रिजवर टाकू नको गो. वाटण्या झाल्या, तुम्ही समोर वेगळं घर बांधलंत, मग त्याला कुलूप लावून रोह्याला गेलात, आणि तेव्हापासून लग्नाकार्यात समोरासमोर बसलो तरी आपण जावा-जावा ताटाकडे बघूनच जेवलो. चूक कोणाची ते काढायला मी बसलेली नाय. गावची बातमी सांगायची आहे, आणि शेवटी एक काम आहे.

मी यंदा ग्रामपंचायतीत निवडून आले हे तुला कळलंच असेल. पहिल्या मिटिंगला आमचे हे ‘सदस्यपती’ म्हणून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी सगळ्यांदेखत म्हटलं, गडबच्या बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन या. बिचारे गेले. तेव्हापासून सरपंच प्रविण माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

तर बातमी रस्त्याची. हायवेपासून आपल्या आळीतून वर आदिवासी वाडीपर्यंत काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला. किती वर्षं मागत होतो! पावसात वाडीवर कोणी आजारी पडलं की झोळीत घालून खाली हायवेला आणायचं, हे तू स्वतः बघितलं आहेस. आपल्या लावणीला येणारी भागी, तिच्या सासूला तसंच आणत होते तेव्हा म्हातारी वाटेतच गेली. तू आणि मी चिखलात उभ्या होतो आणि भागीला धरायला पुढे कोणी व्हायचं तेच कळेना. आता भागीची सून करिश्मा पोटुशी होती, आणि तिचे दिवस नेमके पावसाच्या तोंडावर भरत होते. पुन्हा झोळी नको म्हणून मी प्रविणच्या हात धुऊन मागे लागले. पाऊस पडायच्या आत वाडीच्या दारात अँब्युलन्स गेलीच पाहिजे, एवढं एकच माझं म्हणणं.

रस्ता किती रुंद हवा यावर मिटिंगमध्ये रण माजलं. बांधकाम खात्याचा साहेब टेप घेऊन आला होता, पण टेपवर विश्वास कोणाचा? म्हातारे महिपतीकाका उठले आणि म्हणाले, देवाची पालखी जिथून जाते तिथून सगळं जातं. झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यात मी पण. भर दुपारी देवळातली रिकामी पालखी बाहेर काढली, ढोल नाय, ताशा नाय, आणि आळीभर फिरवली. आपल्या दोन घरांमधलं ते काटकोनी वळण आहे ना, तिथे पालखी काय झोकात वळली म्हणून सांगू. साहेबाने कपाळाला हात लावला. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि रस्ता ओतून मोकळे झालो.

मग शिमगा आला. दरवर्षी होळीचं झाड रानातून शेतांच्या बांधाने येतं, पण यंदा पोरांना नव्या रस्त्याचं कौतुक. सावरीचं सरळसोट झाड खांद्यावर घेऊन, बोंबा ठोकत आळीतून खाली आले ते आपल्या वळणावर अडकले. मधोमध माझ्या स्वयंपाकघराचा कोपरा रुतला आणि शेंडा तुझ्या कुंपणाच्या भिंतीला भिडला. पालखीचं काय, ती जागच्या जागी गिरकी घेते. होळी थोडीच वाकणार आहे? आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, एकदा खांद्यावर घेतलेली होळी माळावर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाय. पोरं खांदे बदलून बदलून घामाघूम झाली. शेवटी उलट्या पावलांनी झाड वर नेलं आणि शेतातून आणलं, तेव्हा बोंब मारायचाही कोणाच्या अंगात जोर उरला नव्हता. महिपतीकाका माझ्या पायरीवर मटकन बसले. म्हणाले, “हौसा, होळी वळत नाय तर अँब्युलन्स कशी वळंल गो?” दुसऱ्या दिवशी प्रविणने ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून अँब्युलन्स मागवून बघितली. ती पण तिथेच अडकली आणि रिव्हर्समध्ये हायवेपर्यंत गेली. भागी बघत होती. पदर दाताखाली धरून उभी राहिली.

एक मेच्या ग्रामसभेत विषय आला. वळण रुंद करायचं तर दोनच मार्ग. आतला कोपरा, म्हणजे माझं स्वयंपाकघर, नाहीतर बाहेरचा, म्हणजे तुझी भिंत. सगळे एका सुरात म्हणाले, बंद घराची भिंत पाडा, त्यात काय एवढं. प्रविणने तिथूनच भरत भावजींना फोन लावला, आणि तुझा नवरा काय म्हणाला असेल? “शिफ्टला चाललोय, करा काय करायचं ते.” माझं डोकं असं फिरलं! मी उठून उभी राहिले. म्हटलं, भरत भावजी बोलले म्हणजे शीतल बोलली असं होत नाय. नाईट करून ते घोरत पडायचे तेव्हा त्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी कोणी मारलं? घरावर नावं दोघांची आहेत, आणि माणसाच्या माघारी त्याच्या भिंतीला हात लावायचा नाय. आपल्या वैरातली भिंत ती, आणि तिची वकिली करायला मी! आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. प्रविण म्हणाला, मग वहिनी, तुम्हीच विचारा ना शीतल वहिनीला.

आता आली का पंचाईत? तुला विचारायचं म्हणजे आधी तुझ्याशी बोलायचं. ते माझ्याच्याने होईना. तिकडे करिश्माचं पोट पुढे आलेलं, इकडे पावसाला महिना राहिलेला. मी म्हटलं, माझं स्वयंपाकघर घ्या. यांना असा ठसका लागला की शेजारच्याने पाठ चोळली.

पाडायला पोरं आली तेव्हा मी डबे बाहेर काढले, ओटा रिकामा केला. तोवर ठीक होते. मग त्यांनी चुलीमागची फळी उखडली. तिच्याआड आपण सासूबाईंच्या चोरून बोंबील भाजायचो आणि उदबत्ती लावून वास लपवायचो, आठवतं? तिथे अजून काळं होतं. रडले गो शीतल, खोटं कशाला बोलू. पोरांना वाटलं घरासाठी रडते.

गेल्या मंगळवारी सकाळपासून पाऊस धो धो कोसळत होता आणि करिश्माला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स हायवेवरून आत शिरली, आमच्या वळणावर आली, आणि एका दमात वळली. मी पडवीत भाकरी थापत होते, पीठ लागलेल्या हाताने नुसतीच उभी राहिले. गाडी वर गेली, खाली आली, करिश्मा पेणला वेळेत पोचली. मुलगी झाली आहे, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी भागी पानात जांभळं बांधून घेऊन आली आणि म्हणते कशी, “वैनी, माझी सून तुमच्या चुलीवरून गेली बघा.” मी तिला म्हटलं, चूल काय, परत मांडता येते.

पण कुठे मांडू? हाच प्रश्न आहे, आणि ह्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. मागे विहीर, बाजूला गोठा, नवी खोली काढायला हातभर जागा नाय. सध्या गॅस पडवीत, टीव्हीसमोर मांडलाय. हे बातम्या बघतात आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत फोडणी देते, दोघंही खोकतो. समोर तुझं स्वयंपाकघर कुलूप लावून पडलंय, एवढा ऐसपैस ओटा. तुझ्या भिंतीला मी कोणाचा हात लागू दिला नाय, पण तिच्या आतल्या चुलीवर मला हक्क सांगायचाय. श्रावण सरला की गणपती आलेच, मोदक काय टीव्हीसमोर वळू? चावी पाहिजे मला. कुरियरने पाठवू नको, ते कुलूप गंजलंय आणि तुझ्याशिवाय कोणाला दाद देत नाय. घेऊन ये. मीठ मी घालणार, हे आत्ताच सांगून ठेवते, त्यावरून भांडायचं असेल तर ओट्यापाशी भांडू. आणि भरत भावजींना सांग, गाडी हायवेला लावायची गरज नाय आता. थेट दारात वळते.

तुझीच, अजूनही मोठी जाऊ,
हौसा