उल्काच्या नाकावरची पट्टी

सेक्टर २२, चंडीगढ
१७ जुलै १९८८

ती. सौ. वन्सं,

शशिकलाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे उकाडा फार. ह्यांची बदली यंदाही हुकली. रोज पेपरात गोळीबाराच्या बातम्या, त्यामुळे दिवेलागणीच्या आत सगळे घरात.

उल्का पंचवीस तारखेला अंबाल्याहून झेलम एक्स्प्रेसने निघते आहे. पुण्याहून साताऱ्याला तुमच्याकडे येईल. दार उघडल्यावर दचकू नका, म्हणून आधी लिहिते.

साखरपुडा मोडला एवढंच कळवलं होतं. का, ते लिहिलं नाही. साखरपुड्यानंतर मुलाची आई म्हणाली होती, "मुलगी गुणाची आहे हो, पण समोरून नाकपुड्याच आधी दिसतात." इथल्या एका डॉक्टरांनी नाकाच्या ऑपरेशनचं सांगितलं, "छोटासा काम है जी." उल्का म्हणत होती, "मम्मी, रहने दो ना. आत्या की भी तो ऐसी ही है." तुमचं नाव निघालं आणि मी जास्तच हट्टाला पेटले. वन्सं, तुमच्यासारखं नाक नको, हेच माझ्या मनात होतं.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी कर्फ्यू लागला. हे दिल्लीला अडकलेले. पट्टी बदलायला जाता येईना, डॉक्टरांचा फोन लागेना. उल्काला ताप चढला, पट्टीला वास येऊ लागला. चार दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा आत सगळं पिकलं होतं.

आता शेंडा वर ओढला गेलाय. एक नाकपुडी बुजली, दुसरी आधीहून उघडी. पोर तोंडाने श्वास घेते. ते बघून मुलाकडच्यांनी साखरपुडा मोडला. तिने शाळेतली नोकरी सोडली. मी आरसा काढून ठेवला होता, तो तिनेच परत लावला.

सगळ्यांना मी कर्फ्यूचं सांगते. तुम्हालाही तेवढंच सांगणार होते.

वरच्या मजल्यावर कांचन राहते. तिचे यजमान रघुवीर लष्करात डॉक्टर आहेत. कर्फ्यूच्या दुसऱ्या संध्याकाळी ते आपणहून जिना उतरून आले. "वहिनी, उल्काचं कण्हणं वर ऐकू येतंय. बघू का जरा?"

मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "काही नाही हो, सर्दी झालीय."

"पक्कं?"

"पक्कं."

ऑपरेशनचं बाहेर फुटलं तर सोयरीक मोडेल, एवढंच डोक्यात होतं. ते वर गेले. मी कडी लावली.

उल्काला हे ठाऊक नाही, ती तापात होती. ह्यांनाही नाही. मी रडले की तीच माझ्या पाठीवरून हात फिरवते. "मम्मी, तुम्हारी क्या गलती? कर्फ्यू था ना." वन्सं, ते आता ऐकवत नाही.

तिला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. माझं तिच्यासमोर तोंड उघडत नाही. तिला परत पाठवायची घाई करू नका. कळल्यावर ती यायचं नाहीच म्हणाली, तर एका कार्डावर तेवढंच लिहा. मी का म्हणून विचारणार नाही.

तुमची भावजय म्हणवून घ्यायच्या लायकीची न उरलेली,
शशिकला