घंगाळ कोणालाही देऊ नये

मी, कुमारी चारुलता हरिहर मराठे, वय त्रेपन्न, नोकरी शिक्षिका, राहणार प्राधिकरण, निगडी, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी रागात मात्र आहे. राग असला तरी मृत्युपत्र चालते, हे वकिलांना विचारून घेतले आहे. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेला आहे, म्हणून ही घाई.

१. निगडीचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची चि. नीलिमा श्रीपाद मराठे हिला द्यावी. पैसे शिक्षणाला वापरावेत, लग्नाच्या जेवणावळींना नव्हे. तिशीनंतर तिने आतड्याची तपासणी करत राहावे. लग्न ठरवताना हा कागद खुशाल दाखवावा. पळून जाणारा मुलगा आधीच कळलेला बरा.

२. तांब्याचे घंगाळ. मूळव्याध म्हणून गरम पाण्यात बसायला ते वडिलांनी आणले. रक्त पडले की ते घंगाळात बसायचे आणि आई सुरण शिजवायची. बासष्ट साली ते गेले. मग माझा मधला भाऊ शरच्चंद्र त्याच घंगाळात बसला आणि चाळिशीत गेला. घराण्याची उष्णता, असे सगळे म्हणत. आतून कोणी तपासले नाही. मलाही इथल्या एका डॉक्टरांनी टेबलावर न घेताच मलम लिहून दिले. देव त्यांचे भले करो, असे मी लिहिणार नाही.

पुण्याचे सर्जन म्हणाले, "बाई, आधी आतड्यात लहानसा कोंब येतो. वर्षानुवर्षे तसाच असतो. तेव्हाच काढला तर कॅन्सर होतच नाही." शौच तपासून डोळ्यांना न दिसणारे रक्त कळते. बेरियम देऊन फोटो काढता येतो. दुर्बिणीने आत बघता येते आणि आवाक्यातला कोंब तिथेच काढता येतो. "तुमच्या घरात तर रक्त दिसायची वाट न बघता प्रत्येकाने तपासून घ्यायला हवं होतं." हवं होतं! हे ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि ते दुःखाने नव्हे.

गेल्या गणपतीत धाकटा भाऊ श्रीपाद ते घंगाळ मागून घेऊन गेला. "पाय शेकायला," म्हणाला. पाय! मला दुधखुळी समजतो. तपासून घे म्हटले तर म्हणाला, "ताई, या काय चारचौघांत बोलायच्या गोष्टी आहेत? उद्या नीलिमाचं लग्न ठरवायचंय. घराण्यात कॅन्सर म्हटल्यावर कोण करून घेईल तिला?" बिनबापाची मुलगी लवकर खपते, असे इंजिनिअरसाहेबांचे मत दिसते. कंपनीत मशीन बंद पडण्याआधी उघडून बघण्याचाच हा पगार घेतो.

घंगाळ त्याच्याकडून आणून मोडीत द्यावे. कोणालाही, पाहुण्यालासुद्धा, वापरायला देऊ नये. माझ्या तेराव्याला सुरण शिजवू नये.

३. श्रीपादला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार म्हणून निर्वेध चालतो. सही करण्याआधी त्याने हे सगळे माझ्यासमोर मोठ्याने वाचावे, ही अट आहे.

४. मला अग्नी देण्याचा मान भावाचा. दुर्बिणीची तपासणी करून आला असेल तरच श्रीपादने तो द्यावा. नसेल तर शेजारचे साहेबराव काळभोर देतील. त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, "बाई, असलं अभद्र लिवू नगा. पर तुमी म्हणताय तर देतो." त्यांचे उपकार आहेत. पण मला श्रीपादच्याच हातचा अग्नी हवा आहे. त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. तो माझ्या मागोमाग आलेला मला चालणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

निगडी, ता. ८ नोव्हेंबर १९८१
चारुलता हरिहर मराठे

साक्षीदार
१. साहेबराव मालोजी काळभोर
२. श्रीपाद हरिहर मराठे. मोठ्याने वाचले. घंगाळ रिक्षात घालून आणले आहे. सर्जनकडे मंगळवारी जातो. ताई, अग्नी मीच देणार.