टेकडी वर येत नाही

गुरुजी, आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. नागपूरच्या मे महिन्यात मी लोकरीचा स्वेटर घालून बसतो. कचेरीत उपग्रहाच्या चित्रांसाठी नवं यंत्र आलंय, त्याला उकाडा सोसत नाही. खोली त्याच्यासाठी थंड करतात, कुडकुडायचं आम्ही. सकाळी आमच्या नंदनवन वस्तीतून सायकल काढली की हँडलवरचा स्वेटर बघून शेजारचा किराणावाला रोज विचारतो, "काहून गा भाऊ, काश्मीरले चालला का?" तप करणाऱ्या ऋषींनाही एवढी चेष्टा सोसावी लागली नसेल.

वेदपाठशाळा सोडून मी भूगर्भशास्त्राकडे वळलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "जा, दगडांना तरी शुद्ध बोलायला शिकव." दगडांचं जमलं नाही, माणसांना शिकवतो. विमानातून घेतलेले एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे, स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांतून दोन्ही डोळ्यांनी बघायचं. कागदावरची सपाट टेकडी उठून वर येते. फोटो डावे-उजवे अदलाबदल झाले तर तीच टेकडी खड्डा होते. आमच्या नकाशांवरून गावोगावी विहिरी खोदतात; आम्ही चुकलो तर लोक कोरड्या खडकात राबतात. म्हणून हे काम कोणी करावं, त्याला काय यायला हवं, याचे नियम लिहायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. त्यात मी एक कलम घुसवलं: शिकवणाऱ्यानेही दर वर्षी शिकाऊंच्या बाकावर बसून हीच परीक्षा द्यावी. साहेब हसले. "पंडितजी, स्वतःलाच कशाला अडकवून घेता?"

कलम तुमचं होतं, गुरुजी. एक अक्षर घसरलं की तुमचं "पुन्हा, पहिल्यापासून" ठरलेलं. मग तुमचे पुढचे दात पडले. अजून दिसतं मला: तुम्ही वर्गात येता, आपल्या पाटाला वळसा घालून आमच्या सतरंजीवर मांडी घालता. "माझा 'स' आता नीट येत नाही. पाट दुसऱ्याला द्या." आम्ही म्हणतो, "गुरुजी, आम्हाला कळतं की!" तुम्ही म्हणता, "तुम्हाला कळतं रे. नवीन येणाऱ्यांना तेच खरं वाटेल."

गेल्या महिन्यात याच परीक्षेत माझा जुना सोबती, माझ्यासारखाच शिकवणारा, नापास झाला. त्याला भांडारात पाठवलं, सही माझी. तो आता डबा वेगळा खातो.

आणि परवाची गोष्ट. सावनेरची एक मुलगी आमच्याकडे शिकते, हुशार आहे, परीक्षेचे फोटो तीच मांडते. मला भिंगाखाली एक जोडी देऊन म्हणाली, "सर, तलावाच्या बाजूले काय दिसून राहिलं?"

"टेकडी," मी लगेच म्हणालो.

तिने वाकून फोटो पुन्हा तपासले. मग हळूच म्हणाली, "सर, फोटो तर मी उलटे ठेवले होते. तुम्हाले खड्डा दिसाले पाहिजे होता."

"तुझीच परीक्षा घेत होतो गं."

"मले वाटलंच, सर!" म्हणून हसली. तिचा विश्वास बसला, हेच फार वाईट झालं.

माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे. उन्हाळा लागल्यापासून एकही टेकडी वर आलेली नाही. कागद नुसता कागद राहतो. घरी सांगितलेलं नाही. उद्या सोमवारी माझी पाळी. परीक्षेच्या सगळ्या जोड्या मीच निवडलेल्या. कुठे टेकडी, कुठे नाला, कुठे खडकाची भेग, सगळं मुखोद्गत. पाठांतर तुम्हीच करून घेतलंत, त्यामुळे विसरायची सोयही नाही. डोळे मिटून सांगू शकतो. सोबत्याला ते जमलं नाही, कारण तो खरंच बघत होता.

वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायला बायको हाक मारते आहे. तुम्ही गेलात तिथवर टपाल जात नाही, म्हणून हा कागद घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवतो. गुरुजी, उद्या मी पास होईन, याची मला भीती वाटते.