दांड्याचं कॉफीमशीन

धायरी, पुणे
९ सप्टेंबर २०२५

ती. जयसिंगदादास,
सोजरचा सा. न. वि. वि.

इकडं सगळे जिवंत हायेत, तिकडं तू असशीलच. टायफॉइडनं तुझे कान गेल्यापासून फोनवर तुला सांगायचं म्हणजे अख्ख्या धायरीला सांगणं, म्हणून कागदावर लिहिते. चौथीपर्यंतचीच शाळा, अक्षराला हसू नको.

आमच्या सूरजला कॉफीचं मशीन हवं हाय. घरातलं नव्हे, हाटेलातलं. बटण दाबून होते ती कॉफी साहेबांना चालत नाही. दांडा खाली ओढायचा, मग थेंब थेंब पडणार, तीही औषधाच्या टोपणाएवढी. चार महिने कॉम्प्युटरवर तक्ता करून बसलाय. पंचवीस मशीनं, त्यांचं वजन, पाणी किती, वाफ किती. बायको बघायला गेलो तेव्हा दोन तासांत होकार दिला होता! तासाला शंभर कप निघतात म्हणे. घरात माणसं तीन, त्यातली मी चहाची. मी विचारलं, गावजेवण काढलंय का? तर सून शेफाली म्हणते, आई, एकेकाची पॅशन असते. परवा मला कुठल्याशा दुकानातली कॉफी पाजली आणि विचारलं, जांभळाची चव लागते का. जांभूळ आपल्या बांधावरचं, हे मला काय शिकवणार? मी म्हटलं, कडुनिंबाची लागते. दोघं दिवसभर बोलले नाहीत. बरं वाटलं.

तू जन्मभर फिटर होतास. किती स्प्रिंगा तुझ्या हाताखालून गेल्या. तूच येऊन सांग, कुठलं घ्यायचं. नाहीतरी दोन वर्षं भाऊबीजेला आला नाहीस. भाऊ खडकीत धडधाकट बसलेला, आणि मी गच्चीत उभी राहून चंद्राला ओवाळतेय, भाऊ नसलेल्या बाईसारखी. शेजारीण विचारते, काय सांगू?

लोभ हाय तेवढा ठेव, वाढवू नको. घरात मशीन यायचंय, जागा नाही.

तुझी
सोजर

खडकी
१५ सप्टेंबर

चि. सोजर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाऊबीजेचं काढू नकोस. शेवटचा आलो तेव्हा सगळे एकदम बोलत होते, मी प्रत्येकाकडे बघून मान हलवत होतो. कुणाच्या तरी मयताची बातमी निघाली, तिलाही मी हसून मान हलवली. सगळे हसले. तूही हसलीस.

मशीनचं सांगतो. दांड्याची दोन प्रकारची असतात. एकात आपल्या हाताच्या जोरावर पाणी दाबायचं. दुसऱ्यात दांडा ओढून स्प्रिंग आवळायची, मग ती दाबते. सूरजचा हात कीबोर्डवरचा आहे, स्प्रिंगचं घ्या. दोन तोंडांचं घेऊ नका, एक पुरे. मीटरला झेपेल का ते वायरमनला विचारा, मोबाईलला नाही. ओट्याखाली आधार आहे का ते बघा.

मागच्या पानावर महत्त्वाचं लिहिलं आहे. ते सूरजला वाचून दाखव.

माझी काळजी नसावी.

जयसिंग

धायरी
२५ सप्टेंबर

ती. दादास सोजरचा सा. न.

मशीन आलं. एका तोंडाचं, स्प्रिंगचं, तुझं ऐकलं. साठ किलो. चार माणसांनी घाम गाळून ओट्यावर बसवलं. माझी शेगडी कोपऱ्यात गेली, पोळपाटाला जागा नाही, पोळ्या जेवायच्या टेबलावर लाटते. सूरज सकाळी सहाला मशीन तापत ठेवतो. मग अठरा ग्रॅम दाणे काट्यावर तोलतो, सोनारसुद्धा एवढा वाकून बघत नाही. मग दळण, मग दाबणं, मग दांडा. एवढं करून कप हुंगतो आणि ओततो सिंकमध्ये. जमली नाही म्हणे. पाच दिवसांत माणसं प्यायली दोन कप, सिंक प्यायलं पन्नास. शेफाली गुपचूप माझ्या हातचा चहा घेऊन ऑफिसला जाते.

आणि एवढ्या मशीनला आवाजच नाही रे! मिक्सर कसा, घरभर कळतं काहीतरी चाललंय. हे मुकं. दांडा कधी सोडायचा ते सूरजला कळत नाही, कान लावून बसतो मशीनला. ऐकू काय येणार, दगड?

तुझं पहिलं पान वाचलं. मागचं दसरा झाला की वाचीन. घर धुवायला काढलंय, चष्मा सापडत नाही आणि तू लिहितोस मुंग्यांसारखं.

हसले ते हसले. माफी मागायला मला येत नाही, पुरणपोळी येते. येतोस का तेवढं लिही.

माया पातळ करू नको.

सोजर

धायरी
३ ऑक्टोबर

दादा, नमस्कार पोचला समज. घाईत हाय.

काल दसरा. आपले अण्णा विळा-कोयता मांडायचे, तू कारखान्यात पान्यांची पूजा करायचास. मग घरात एवढं लोखंड येऊन बसलंय, ते तसंच कसं ठेवायचं? झेंडूची माळ घातली. दांड्याच्या टोकाला कुंकू लावायला हात पुरेना, म्हणून खाली ओढला, कुंकू लावलं आणि दिला सोडून. सूरज पुढ्यात वाकून फोटो काढत होता. दांडा जो उसळला तो त्याच्या हनुवटीवर. चार टाके. डॉक्टरांनी विचारलं, गाडीवरून पडलास का. हा म्हणाला, नाही, आई पूजा करत होती.

मग चष्मा शोधला. तुझं मागचं पान! कॉफी भरलेली नसताना दांडा ओढू नये, ओढलाच तर हात सोडू नये, तोंड लांब ठेवावं. खाली दोन रेघा. दादा, असलं पहिल्या पानावर लिहितात!

सूरज आता दांड्याला हात लावत नाही. मशीनवर चादर टाकलीय, माळ तशीच आत. विकतो म्हणतो. मला ओटा मोकळा मिळेल, खरं हाय. पण पोरगं चार महिने हरखलेलं होतं, ते माझ्या हातानं गप्प झालं. त्यानं तुला चिठ्ठी लिहिलीय, सोबत घातली. मी वाचली, उगाच खोटं कशाला बोलू.

पत्रातून दांडा धरता येत नाही. ये.

सोजर

खडकी
८ ऑक्टोबर

चि. सोजर हिस आशीर्वाद.

स्प्रिंगचा दोष नाही. पूजेचाही नाही. मागचं पान न वाचण्याचा आहे.

मशीन विकू नका. सूरजला सांग, दांडा सोडून द्यायचा नसतो, त्याला धरून वर जायचं असतं. कॉफी नीट भरली असली की तळहाताला तिचा रेटा लागतो. तो लागला की मगच पकड सैल करायची. हे लिहून कळणार नाही. त्याच्या हातावर माझा हात ठेवावा लागेल.

चिठ्ठीत तो विचारतो, मामा, ह्याला आवाजच नाही तर समजायचं कसं. चार वेळा वाचली. त्या मशीनपुढे तुमचे कान आणि माझे कान सारखेच.

गुरुवारी, २३ तारखेला सकाळी येतो. जेवताना एकेकानं बोला. माळ कुजली असेल, काढून टाक. मला चहाच कर.

आणि चंद्राला यंदा सुट्टी दे.

जयसिंग